कुणाची हरकत नाही ना?

"आत्या, त्या कपात तू तिसऱ्यांदा साखर घालते आहेस," भाची म्हणाली.

आत्यानं चमचा खाली ठेवला, एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि कप टेबलावर सरकवून दिला. सभागृहाबाहेरच्या त्या लांब टेबलाभोवती सगळे जण हातात बिस्किटं घेऊन निवांत गप्पा छाटत होते. हिचे पाय मात्र एका जागी ठरत नव्हते. खिडकीपाशी जायचं, परत यायचं, दारातून आत डोकावायचं, परत यायचं, असं सकाळपासून चाललं होतं.

"एवढी काय घाबरतेस? तुझा नियम झाल्यात जमा आहे. कुणी ब्रसुद्धा काढलेला नाही."

"तेच तर," आत्या म्हणाली.

"तेच तर काय?"

"काही नाही. बिस्किट खा."

ती भाचीची आत्या होतीच, पण एव्हाना ती अख्ख्या ऑफिसची आत्या झाली होती. इंटरनेट पुरवणाऱ्या एका मध्यम कंपनीत ती नेटवर्क विभागाची प्रमुख. भाची तिथे नोकरीला लागली आणि पहिल्याच दिवशी भर मीटिंगमध्ये "आत्या, तुझा चष्मा डोक्यावर आहे" असं बोलून गेली. त्या दिवसापासून शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांनी तिला आत्या करून टाकलं. निवृत्तीला टेकलेले अकाउंटंटही तिला आत्याच म्हणत, आणि तीही सख्ख्या आत्येसारखीच सगळ्यांना फैलावर घेत असे.

आता हा नियम कसला, ते सांगायला हवं. इंटरनेटवर यायचं तर प्रत्येकाला एक पत्ता लागतो. पत्ता म्हणजे साधा आकड्यांचा नंबर. जुन्या पद्धतीचे नंबर केव्हाच संपत आले. ज्यांनी सुरुवातीला गाडीभर उचलून ठेवले ते आज त्यांवर आरामात बसून आहेत, आणि उशिरा आलेले रांगेत ताटकळत आहेत. तळाशी थोडे नंबर उरलेत, ते कुणाला द्यायचे यावर सगळं रणकंदन. हे ठरवायला वर्षातून एकदा ही सभा भरते. इथे कुणीही यावं, कुणीही बोलावं असा रिवाज आहे. कुणीही म्हणजे ज्याला तिकिटाचा खर्च परवडतो, ज्याला रजा मिळते आणि ज्याला या लोकांची ती किचकट भाषा कळते असा कुणीही. दार सताड उघडं असतं, दारापर्यंत कसं पोचायचं ते ज्याचं त्यानं बघायचं.

आत्याचा नियम साधा होता. उरलेले नंबर फक्त त्यांना द्यायचे, ज्यांच्याकडे आजवर एकही नाही. तीन वर्षं ती यासाठी झटत होती. त्यामागे एक बाई होती. लांबच्या खेड्यांतल्या दवाखान्यांना इंटरनेट जोडून देणारी ही बाई एका सभेत आत्याच्या शेजारी बसली होती. तिच्याकडे स्वतःचा एकही नंबर नव्हता. एका मोठ्या कंपनीकडून उसने घेतलेल्या नंबरांवर ती काम चालवायची आणि त्यांची लहर फिरली की दवाखाने बंद पडायचे. आत्या तिला दवाखानेवाली म्हणायची. आजही ती आली होती, दुसऱ्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन आधीच बसली होती. तिच्याकडे बघितलं की आत्याला वाटायचं, आपण बरोबर आहोत.

मग अडचण कुठे होती? अडचण आत्याच्या मोबाइलमध्ये होती आणि ती आत्ताच पुन्हा वाजली.

"ताई, पहिल्यांदाच खाजगीत लिहितोय, राग मानू नका," मेल सुरू होत होता. "घरून सभेत सामील व्हायला बसलो तर मला आतच घेत नाहीत. म्हणतात तुमच्या पत्त्यावरून संशयास्पद हालचाल होते. माझ्या एकेका नंबरवर चाळीस-चाळीस घरं आहेत, त्यातल्या कुणी काय उद्योग केलाय देव जाणे. हसावं की रडावं कळेना. जे सांगायला येत होतो त्याच पायी दारात अडवलं. पण काळजी नाही. माझं सगळं लिस्टवर लिहून झालंय, सगळ्यांनी वाचलेलंच आहे. फक्त अध्यक्षांना एकदा आठवण करून द्या. एवढ्या मंडळींत मला उत्तर देणाऱ्या तुम्ही एकट्याच, म्हणून तुम्हालाच त्रास देतोय."

"कुणाचा मेल?" भाचीनं विचारलं.

"कुणाचा नाही."

 आत्यानं मोबाइल पर्समध्ये टाकला, चेन लावली, पुन्हा उघडली, तो बाहेर काढून हातातच धरला.

हा माणूस एका लहान गावात इंटरनेटचा धंदा करायचा. आधी टीव्हीची केबल टाकायचा, म्हणून स्वतःच्या सहीखाली अजूनही मोठ्या अभिमानानं 'केबलवाला' लिहायचा आणि त्याखाली दुकानाचा फोन नंबर. पूर्वी कधीतरी त्याला थोडेसे नंबर मिळाले होते. गाव वाढलं, नंबर तेवढेच राहिले. मग एकाच नंबरवर चाळीस घरं. त्यातल्या एकानं काही वेडंवाकडं केलं की बँक सगळ्यांनाच दार बंद करते आणि परीक्षेचा फॉर्म भरणारी शेजारची पोरगी रडत त्याच्या दुकानात येते. आणखी नंबरांसाठी तो कित्येक वर्षं रांगेत उभा होता. आत्याचा नियम झाला की तो रांगेतून बाहेर फेकला जाणार होता, कारण त्याच्याकडे थोडे का होईना, नंबर होते.

सभेआधी दोन महिने मेलिंग लिस्टवर चर्चा चालते. लिस्टवर मेल टाकला की तो सगळ्यांना जातो, आणि अध्यक्ष त्या चर्चेवरूनच हरकती मोजतात. पण या लिस्टची एक जुनी खोड आहे. कुणाच्या मेलला नुसतं 'उत्तर द्या' म्हटलं की ते उत्तर फक्त त्या एकाच माणसाला जातं. सगळ्यांपर्यंत पोचायचं तर 'सगळ्यांना उत्तर द्या' दाबावं लागतं. जुन्या लोकांच्या हाताला ते वळण आहे. नव्या माणसाला हे कुणी सांगत नाही, आणि आपलं बोलणं भिंतीवर आपटतंय हे त्याला कळतही नाही.

केबलवाल्याचा पहिला मेल आला तेव्हा आत्याला वाटलं, बिचाऱ्याला काहीतरी खाजगीत विचारायचं असेल. तिनं अगदी अगत्यानं उत्तर दिलं. दुसऱ्या मेलमध्ये त्यानं लिहिलं, "मी हे सगळ्यांसमोर सांगतोय, कारण लहान गावांचं म्हणणं कुणी मांडत नाही." तो मेलही एकट्या आत्यालाच आला होता. त्याच क्षणी तिला कळलं. एक ओळ लिहायची होती, अहो, तुमचं चुकतंय, ते दुसरं बटण दाबा. उद्या लिहू म्हणाली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात धावपळ होती. तिसऱ्या दिवशी अध्यक्षांचा निरोप आला की तुमचा प्रस्ताव कसा लोण्यातून सुरी जावी तसा चाललाय. मग ती ओळ राहूनच गेली. राहून गेली कसली, तिनं राहू दिली.

त्याचे मेल म्हणजे पाल्हाळ असायचा. एकदा सरकारवर घसरायचा, एकदा हवामानावर, आणि नंबर संपलेलेच नाहीत, लपवून ठेवलेत, असंही त्याचं एक लाडकं मत होतं. ते वाचून आत्या हसली होती. पण तिसऱ्या मेलच्या मध्यातच कुठेतरी त्यानं लिहिलं होतं, "तुमच्या नियमानं काय होईल सांगू का? मोठी कंपनी मेहुण्याच्या नावानं नवी कंपनी काढेल. कागदावर तिच्याकडे एकही नंबर नसेल. ती रांगेत पहिली. आणि खरोखर घरोघर वायर ओढणारा मी बाहेर." तेव्हा मात्र आत्याचं हसू मावळलं. याला तिच्याकडे उत्तर नव्हतं. चार दिवस विचार करूनही सापडलं नाही. शेवटी तिनं लिहिलं, "मुद्दा विचार करण्यासारखा आहे." यावर तो बिचारा खूश झाला आणि "धन्यवाद ताई, निदान कुणीतरी ऐकतंय" असं त्यानं कळवलं.

सभेची घंटा झाली.

आत्या बोलायला उभी राहिली तेव्हा सभागृह भरलेलं होतं. ती उत्तम बोलली. तीन वर्षांत सगळं तोंडपाठ झालं होतं. शेवटच्या स्लाइडवर मात्र तिची जीभ किंचित अडखळली. त्या एका ओळीवर तिनं आठवडाभर डोकं फोडलं होतं. आधी लिहिलं होतं, 'कुणाचीही हरकत नाही.' ते धडधडीत खोटं, म्हणून खोडलं. मग लिहिलं, 'हरकत आलेली नाही.' तेही पटेना. शेवटी लिहिलं, 'लिस्टवर एकही हरकत नोंदलेली नाही.' यात खोट काढायला जागा नव्हती, कोर्टातही टिकलं असतं. तिनं ती ओळ वाचली आणि खाली येऊन बसली. भाचीनं तिचा हात दाबला. 

अध्यक्ष उठले. सडपातळ, सावकाश बोलणारे गृहस्थ. या सभेत मतदान होत नाही. मतं मोजली की मोठे जिंकतात, म्हणून पूर्वीच्या मंडळींनी सहमतीची पद्धत घालून दिली होती. एकाच माणसाची हरकत असली, पण तिला कुणापाशी उत्तर नसलं, तर नियम परत चर्चेला जातो. अध्यक्ष शेवटचा प्रश्न विचारतात आणि समोरचा पाण्याचा ग्लास उचलतात. ग्लास रिकामा होईपर्यंत कुणीही उठून माइकपाशी यावं. ग्लास रिकामा झाला की सहमती झाली. हे ग्लासाचं कुठल्या नियमावलीत लिहिलेलं नाही, पण सगळे पाळतात.

"या नियमासोबत ज्याला राहताच येणार नाही, असं कुणी आहे का?" अध्यक्षांनी विचारलं. पडद्यावर घरून सामील झालेल्यांचे चौकोन होते. त्यातल्या कुणाचा हात वर नव्हता. "नाही? कुणाची हरकत नाही ना?"

त्यांनी ग्लास उचलला.

आत्यानं दुसऱ्या रांगेकडे पाहिलं. दवाखानेवालीनं दोन्ही हात घट्ट एकमेकांत गुंतवले होते. आपण गप्प बसलो तर हिचं भलं होईल, आत्या स्वतःला म्हणाली. एका केबलवाल्यानं काय फरक पडतो? त्याला रीतसर सांगितलेलं होतं की लिस्टवर लिहा. कुणी सांगितलं होतं? नियमावलीत छापलेलं आहे. कितव्या पानावर? तिला ते पान स्वतःलाही आठवेना. अध्यक्षांनी दुसरा घोट घेतला. मागे कुणीतरी लॅपटॉप मिटला. सगळ्यांची जेवायची घाई होती. मोबाइल तिच्या मुठीत घामानं ओला झाला होता. नंतर सांगू, ती म्हणाली, आणि हे 'नंतर' आपण दोन महिने म्हणत आलोय हे तिला लख्ख दिसलं. स्वतःचीच किळस आली.

ग्लास अर्ध्याखाली आला तशी ती उठली.

"आत्या, कुठे?" भाची कुजबुजली. तिनं ऐकलं नाही. माइकपाशी पोचेपर्यंत सगळ्या माना वळल्या होत्या. प्रस्ताव मांडणारीच हरकतीच्या माइकपाशी, हे या सभेनं कधी बघितलं नव्हतं.

"एक हरकत आहे," ती म्हणाली.

अध्यक्षांनी ग्लास ओठांपासून दूर केला. "तुमची?"

"माझी नाही. एका लहान गावात इंटरनेट देणाऱ्या माणसाची. दोन महिन्यांपूर्वी आली."

"लिस्टवर तर काही नाही."

"नाही. त्यांनी मला पाठवली. सगळ्यांना पाठवतोय असं समजून फक्त मला पाठवत राहिले. मला कळलं होतं. मी त्यांना सांगितलं नाही."

कुणीतरी उगाच हसलं आणि गप्प झालं. आत्यानं मोबाइल वर धरला आणि मेहुण्याच्या कंपनीचा तो उतारा वाचून दाखवला, त्याच्याच शब्दांत, हवामानाचा भाग वगळून. मग म्हणाली, "याला माझ्यापाशी उत्तर नाही. कुणापाशी असेल तर सांगावं."

अध्यक्षांनी सभागृहावर नजर फिरवली. मागच्या रांगेतल्या दोन मोठ्या कंपन्यांच्या माणसांनी एकदम आपापल्या बुटांकडे बघितलं. मेहुणे तयार होते म्हणायचे.

"ते गृहस्थ स्वतः का बोलत नाहीत?" अध्यक्षांनी विचारलं.

"आजही प्रयत्न केला त्यांनी. त्यांना दारातच अडवलंय. ते कशामुळे, तेही त्यांच्या हरकतीतच आहे."

 अध्यक्षांनी उरलेल्या पाण्यासकट ग्लास टेबलावर ठेवून दिला. नियम परत चर्चेला गेला, म्हणजे पुढच्या सभेपर्यंत. खुर्च्या सरकल्या, लोक जेवायला निघाले. आत्याच्या जवळून जाताना कुणी तिच्याशी बोललं नाही, आणि ती कुणाकडे बघतही नव्हती.

दवाखानेवाली मात्र थांबली. "म्हणजे आणखी एक वर्ष?"

"हो."

"तो माणूस म्हणतो ते खरंच होईल?"

"होईल."

"तुम्ही दोन महिन्यांपूर्वी बोलला असतात, तर या दोन महिन्यांत काहीतरी दुरुस्त करता आलं असतं ना?" तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. आत्यानं मान हलवली. दवाखानेवालीनं पर्स खांद्याला लावली आणि ती निघून गेली.

"तू कमाल केलीस," भाची म्हणाली. कमाल चांगल्या अर्थानं की वाईट, ते तिचं तिलाही ठरवता येत नव्हतं. "साहेबांचा फोन येईल आता. जेवायला चल तरी."

"तू हो पुढे. मला एक फोन करायचाय."

जिन्यावर कुणी नव्हतं. आत्या एक मजला खाली उतरली, पुन्हा वर चढली. केबलवाल्याच्या सहीखालचा फोन नंबर लावला. पहिल्याच घंटेला फोन उचलला गेला. मागे दुकानातली वर्दळ ऐकू येत होती.

"ताई! अहो काय झालं? माझा जीव इथे टांगणीला लागलाय."

"तुमची हरकत मान्य झाली. नियम परत गेला."

"काय सांगता!" तो ओरडलाच. मग फोनवरून तोंड बाजूला करून त्यानं दुकानातल्यांना सांगितलं, "अरे, ऐकलं त्यांनी! मी म्हटलं नव्हतं, वाचतात म्हणून?" पुन्हा फोनवर आला. "बघा ताई, आमचा मुलगा म्हणायचा, बाबा, तुमचे मेल कोण वाचतंय. मी म्हटलं, अरे, मोठी माणसं आहेत, बोलत नसतील, पण वाचतात."

"ऐका ना," आत्या म्हणाली. ती आता जिन्याच्या मधल्या वळणावर उभी होती आणि एका हातानं कठडा घट्ट धरला होता. "कुणी वाचलं नव्हतं. तुम्ही जे बटण दाबत होता त्यानं मेल फक्त मला येत होता. सगळ्यांना गेलाच नाही. एकही नाही."

पलीकडची वर्दळ चालूच होती.

"म्हणजे दोन महिने मी एकट्या तुमच्याशीच बोलत होतो?"

"हो."

"तुम्हाला कधी कळलं?"

"दुसऱ्या मेललाच."

"मग सांगितलं का नाही?" त्याच्या आवाजात राग नव्हता अजून. तो खरोखर विचारत होता. "आमचं म्हणणं इतकं चुकीचं होतं का, की कुणाला दाखवू नये?"

कामाची गडबड, विसरले, वाटलं तुम्हाला ठाऊक असेल, अशी सगळी उत्तरं तिच्या जिभेवर आली. दोन महिने ती त्यांनाच पोसत होती.

"नाही," आत्या म्हणाली. "चुकीचं असतं तर त्याच दिवशी सांगितलं असतं. बरोबर होतं, म्हणून नाही सांगितलं."

 तिला वाटलं, आता तो फोन ठेवणार. ठेवला असता तर तिला सुटल्यासारखं झालं असतं.

"कुठलं बटण?" त्यानं विचारलं. "नीट सांगा. मी कंप्युटरसमोर बसतो."